खिडकीसमोरचं पाणी

माझ्या सुनेचं काम बोलण्याचं आहे. पुण्याच्या एका कंपनीचं. कुणाचा मिक्सर बिघडला, पंखा फिरेना झाला की लोक फोन करतात. तो फोन तिच्या लॅपटॉपमध्ये येतो. ती कानाला पट्टा लावून त्यांचं ऐकून घेते, टाइप करते आणि शेवटी "आणखी काही मदत?" असं विचारते. पहिल्या दिवशी मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. लोक तिला वाट्टेल तसं बोलत होते आणि ती हो सर, हो मॅडम करत होती. मी म्हणाले, "एवढं तर मी पण माझ्या सासूचं ऐकलं न्हाई." ती हसली. लग्नानंतर सहा वर्षांत मी तिला तसं हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

ती बी.कॉम. झालेली आहे. सहा वर्षं तिनं आमच्या घरी भाकरी थापल्या आणि निंदायला आली. एकदाही कुरकुरली नाही. पण पेपरात नोकरीची जाहिरात आली की ती कात्रीनं कापून ठेवायची, हे मला माहीत होतं. त्यामुळे ही नोकरी लागली तेव्हा मी तिला घरच्या सगळ्या कामांतून हात काढून घ्यायला सांगितलं. प्रेम म्हणून नाही. जो बैल ज्या कामाचा, त्याला तिथं जुंपावं.

नोकरी तीन महिने कच्ची होती. कंपनीचे नियम कडक. खोली बंद पाहिजे, मागं-पुढं कुणी दिसायला नको, आवाज यायला नको. सकाळी लॅपटॉप गोल फिरवून चारी भिंती दाखवाव्या लागत. मोबाइलचं नेट चालत नाही, घरात वायफायचा डबा बसवलेला पाहिजे. डबा बसवणारा आला तेव्हा त्याच्याकडची तार मागच्या पडवीपर्यंतच पुरली. त्यानं डबा पडवीतल्या खांबावर ठोकला आणि गेला. पडवीला लागून आतली खोली, तिथं सून बसे. आमच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड. पण खोलीला पडवीकडं उघडणारी एक खिडकी आहे. तिच्यातून डबा सरळ दिसायचा. महिनाभर सगळं व्यवस्थित चाललं.

मग ऊन वाढलं. दार बंद, आणि पंख्याचा आवाज जातो म्हणून पंखा अगदी हळू. दुपारी ती बाहेर आली की पदर पिळावा असा घाम. मला ते बघवेना, असं मी म्हणणार नाही. मला एवढंच वाटलं, घामानं जीव घाबरला तर ही बोलणार कशी? आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. प्रत्येक घरात दोन-तीन मोठे ड्रम असतातच. मी लेकाला लावून पडवीत त्या खिडकीसमोर दगडांचा ओटा रचून घेतला. त्यावर दोनशे लिटरचे दोन ड्रम शेजारी शेजारी ठेवले. ड्रमवर फळी, फळीवर हंडे आणि घागरी, वर ओलं पोतं. पाण्यावरून वारा आत जाईल आणि खोली गार होईल, असा माझा हिशोब. झालीही. ती मला मामी म्हणते. म्हणाली, "मामी, आता लय गार लागायलंय."

त्याच आठवड्यात लाइन तुटायला लागली.

समोरचा माणूस बोलतोय, मध्येच आवाज घोगरा होतो, तुकडे पडतात आणि बंद. लॅपटॉपच्या कोपऱ्यातली नेटची खूण जाते. दोन मिनिटांनी परत येते, तोवर तो माणूस चिडून गेलेला असतो. प्रत्येक तुटलेला फोन पुण्यात तिच्या नावावर लिहिला जायचा. तिच्या वरच्या बाई रोज संध्याकाळी विचारायच्या, आज किती?

लेकानं आधी लॅपटॉप बंद करून चालू केला. मग डबा बंद करून चालू केला. मग स्वतःचा मोबाइल त्याच डब्याच्या नेटला जोडून पडवीत डब्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या मोबाइलवर तर फर्स्टक्लास चालायलंय. लॅपटॉपच गरम होऊन बिघडलाय." उन्हाळा होता, सगळंच गरम होत होतं. आम्हाला ते पटलं.

लॅपटॉप ताडकळसच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडं गेला. तो पन्नाशीचा माणूस. त्यानं सांगितलं, वीज वाचवायची एक सेटिंग असते, तिच्यानं लॅपटॉपचं नेट मध्येच झोपी जातं. ती त्यानं बंद केली. लॅपटॉप तीन दिवसांनी घरी आला आणि छान चालला. पण तीन-चार दिवसच. परत तुटायला लागला. दुसऱ्या खेपेला त्यानं जुनं जोडलेलं नेट पुसून टाकलं आणि पासवर्ड नव्यानं घालायला सांगितलं. परत दोन-चार दिवस बरं गेलं. तिसऱ्या खेपेला त्यानं नेट पकडणारी अंगठ्याएवढी एक वस्तू बाजूला खोचून दिली. तिनंही तेच झालं. शेवटी तो चिडला. मी लेकाबरोबर गाडीवर मागं बसून गेले होते.

"मावशी, माझ्या दुकानात ह्यो दिवसदिवस चालतो. एकदा तुटत न्हाई. तुमच्या घरी नेला की याला काय होतं?"

"आमच्या घरी भूत हाय," मी म्हणाले.

"मग भूत काढा. लॅपटॉपमधी आता काढायला कायच राहिलं न्हाई."

शेजारीण म्हणाली, नजर लागली आहे, मिरच्या ओवाळा. मी म्हणाले, नजर माणसाला लागत असेल, डब्याला कुठून लागणार? पुण्याच्या बाईंनी सांगितलं म्हणून सून एका वहीत लिहून ठेवायला लागली होती, कुठल्या दिवशी किती वाजता तुटली. रात्री जेवताना ती माझ्या लेकाला एवढंच म्हणाली, "सोमवारी दहा ते दोन मॅडम स्वतः लाइनवर बसणार हायत. दोनदा तुटली की नाव कमी." लेक म्हणाला, "गेली तर गेली, दुसरी बघू." ती उठली आणि ताट धुवायला गेली. दुसरी कुठली असणार? पंचवीस-तीस कोसांत बी.कॉम. बाईला घरी बसून काम देणारी ही एकच भेटली होती, तीही सहा वर्षांनी.

सोमवारी पहाटे नळ आला. मी नेहमीसारखे दोन्ही ड्रम गळ्यापर्यंत भरले. वरचे हंडे भरले, घागरी भरल्या, पोतं भिजवलं. आजचा दिवस महत्त्वाचा, आज खोली जास्तच गार पाहिजे, म्हणून दोन कळश्या आणखी चढवल्या. सात-साडेसातला सून आंघोळीला गेली. तिची वही चुलीजवळ उघडी होती. मी चौथी शिकलेली आहे. आकडे आणि वार मला वाचता येतात.

वाचता वाचता मला नवल वाटलं. लाइन रोज तुटत नव्हती. दोन-तीन दिवस खूप तुटायची, मग कमी, मग जवळजवळ नाहीच, आणि एके दिवशी परत खूप. ते खूप तुटायचे दिवस मला ओळखीचे वाटले. आमच्यात कोण कधी बाळंत झाली, कुणाचं लग्न कधी झालं, हे सगळं मी उन्हाळ्यात नळाच्या दिवसावरून मोजते. पडवीच्या भिंतीवर दर नळाला मी कोळशाची रेघ मारून वार लिहिते. मी वही घेऊन भिंतीपाशी गेले. प्रत्येक रेघेच्या दिवशी वहीत दहा-बारा वेळा तुटल्याची नोंद. पाणी संपत आलं की तुटणं थांबलेलं. दुरुस्तीवाल्याकडून लॅपटॉप परत यायचा तेव्हा ड्रम निम्मे झालेले असायचे. त्या बिचाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं, ना गुण ना दोष.

मी लेकाला उठवलं.

"त्या डब्यातून जे निघतं ते पाण्यातून जातं का?"

"कामून? कशाला विचारतीस?"

"जातं का न जातं, एवढंच सांग."

त्यानं डोळे चोळत मोबाइल घेतला आणि खोलीत खिडकीपाशी उभा राहिला. मोबाइलवरची डब्याच्या नेटची खूण एका दांडीवर आलेली. त्यानं मोबाइल उंच, पार घागरींच्या वर धरला. खूण भरली. खाली आणला, गेली. त्यानं असं तीनदा केलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आई, तुझ्या पाण्यानं अडवलंय."

मला राग आला, कारण ते खरं होतं. दीड महिना मी त्या पोरीच्या नोकरीसमोर पाण्याची भिंत बांधून ठेवली होती. आणि वरून दर आठ दिवसांनी ती मीच भरत होते.

वरचे हंडे उतरवले. उपयोग झाला नाही, ड्रमच खिडकीच्या निम्म्याच्या वर येत होते. भरलेला ड्रम ओट्यावरून सरकवायचा म्हणजे पाय मोडून घ्यायचा. डबा काढून आणावा तर लेक म्हणाला, ती तार काचेसारखी असते, तुटली तर माणूस यायला चार दिवस. घड्याळात सव्वाआठ झाले होते.

मी म्हणाले, "ड्रम खाली कर."

"कशात? सगळी भांडी भरलीयत."

"मग लोकांच्या भांड्यात."

"आठ दिवस काय पिशील?"

"ते बघू. उपस."

मी शेजारच्या भिंतीवरून हाक मारली, "पाणी न्यायचं का गं?"

उन्हाळ्यात आमच्या गावात दूध उसनं मिळतं, पाणी नाही. शेजारीण भिंतीवरून बघतच राहिली.

"काकू, पाण्यात पाल पडली का?"

"पाल न्हाई पडली."

"मग उंदीर?"

"आत्ता नळाचं भरलंय. न्यायचं असलं तर ने, नसलं तर लिंबाला घालते."

"तुमी आजारी हायात का काय?" असं म्हणत ती आपल्या सासूला बोलवायला आत गेली. मग दोघी बादल्या घेऊन आल्या. तिच्या सासूनं ओंजळ भरून वास घेतला, मग चाखून बघितलं, आणि मगच बादली बुडवली. त्यांच्या मागं तिघी-चौघी आणखी आल्या. प्रत्येकीनं वास घेतला. एकीनं विचारलं, "नवस हाय का काकू?" मी म्हणाले, "हो, नवसच हाय. वास घ्यायचं सोडा, बादल्या भरा. दहाच्या आत ड्रम कोरडे पाहिजेत."

सून खोलीत साडी नेसून केस विंचरत होती. तिला बाहेरचा गोंधळ ऐकू आला. ती दारात आली आणि लोक आमचं पाणी नेताना बघून तिचा चेहराच उतरला.

"मामी, हे काय चाललंय?"

"तू आत जा. बायका गेल्या की आवाज येणार न्हाई."

"पण पाणी—"

"तुझी लाइन पाण्यानं तुटती. म्या ठेवलेल्या पाण्यानं. आत जा म्हणते ना."

पावणेदहाला लेकानं दोन्ही ड्रम आडवे करून अंगणात लोळवले. ओटा मोकळा. डबा खिडकीतून दिसायला लागला, पहिल्यासारखा. दार बंद झालं. मी पडवीत खाली बसले. कुणी मागच्या दारानं येऊन बोलायला लागलं तर त्याला परत धाडायला कुणीतरी हवं होतं. आत ऊन शिरत होतं, ओलं पोतं नव्हतं. चार तास ती त्या भट्टीत बोलत होती. तिचा आवाज मला ऐकू येत होता. तो एकदाही मध्येच थांबला नाही. कुणीतरी तिला शिवी दिली असावी, कारण ती म्हणाली, "सर, मी समजू शकते." मी मनात त्या सरला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

दोनला दार उघडलं. ब्लाउज पाठीला चिकटलेला, केस कपाळाला.

"काय झालं?"

"तुटली न्हाई. एकदा बी न्हाई."

"ते म्या ऐकलं. ती बाई काय म्हणली?"

"म्हणल्या, बोलायला जरा घाई करता. हळू बोलत जा. आणि म्हणल्या, कागदपत्रं पाठवा, पक्की करतो."

मी मान हलवली. तिनं अंगणातले ड्रम बघितले.

"मामी, खोली गार व्हावी म्हणून ठेवलं होतं ना तुमी ते?"

"कशासाठी ठेवलं होतं ते महत्त्वाचं न्हाई. तुझं नुकसान झालं. दीड महिना."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "मला ते गार लय बरं वाटायचं," आणि जेवायला वाढून घेतलं.

उतरवलेल्या हंड्या-कळश्यांतलं पाणी दिवसभरात वापरून झालं, संध्याकाळी घरात दोन घागरी उरल्या होत्या. माझ्यानं मागायला जाववेना. सकाळी पाणी वाटलं आणि संध्याकाळी मागायचं, लोक हसणार. सुनेनं कमरेवर घागर घेतली आणि स्वतःच शेजारी गेली. मी भिंतीआडून ऐकत होते.

"आलीस का?" शेजारीण म्हणाली. "सकाळी दानधर्म, आता मागायला?"

"हो. तुमी नेलंय त्यातलीच आमची एक घागर द्या."

"नवस कशाचा होता ते तर सांग आधी."

"माझ्या नोकरीचा."

"मग, पावला का?"

"पावला. भरा आता घागर, वहिनी. काठोकाठ भरा. आठ दिवस रोज येणार हाय मी."