मनकवडे मास्तरांनी नापास केलेलं पुस्तक

मनकवडे मास्तर समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत, ओठांकडे बघत. वडवणीच्या बाजारादिवशी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेऊन बसायचं, पेपर वाचणारा एखादा माणूस हेरायचा आणि तो काय वाचतोय ते माझ्या कानात सांगायचं, हा त्यांचा छंद. मी उठून त्या माणसाच्या मागून डोकावून यायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. "आपल्याकडचा माणूस मनात वाचत न्हाई बे," ते म्हणायचे. "पोथी ऐकत वाढलेला हाय त्यो. व्हट हालल्याबिगर त्याला अक्षर गिळवतच न्हाई." चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस शाळाशाळांतून मन ओळखायचे खेळ करायचा, म्हणून गावानं त्यांना मनकवडे केलं. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं ते श्रद्धांजलीच्या फलकावर.

मी त्यांचा शिष्य. सिरसाळ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि बारशा-वाढदिवसांत मीही पत्त्यांचे चार खेळ करतो. आम्हा जादूगारांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. कुणी नवा खेळ बनवला की आधी मास्तरांकडे पाठवायचा, मास्तर तो वापरून बघायचे आणि आवाज रेकॉर्ड करून निकाल द्यायचे: पास, नाहीतर नापास. भीडभाड अजिबात नाही. एका नावाजलेल्या जादूगाराच्या पेटीबद्दल त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "ही पेटी आमच्या म्हशीलाबी फसवणार न्हाई." त्या बिचाऱ्यानं ती पेटी गुमान मोडून नवी केली. शहरातल्या टाळ्यांचं कौतुक त्यांच्यापुढे चालायचं नाही. "आपल्या बाजारात चालतंय का, ते बोल," एवढंच विचारायचे.

पुण्याच्या एका जादूगारानं त्यांच्याकडे मनातला शब्द ओळखायचं पुस्तक पाठवलं. वरून बघाल तर साधं गोष्टींचं पुस्तक. प्रेक्षकानं कुठलंही पान उघडायचं, वरचा पहिला शब्द मनात धरायचा, आणि जादूगारानं तो ओळखायचा. मेख अशी, की पानं भरपूर असली तरी पहिले शब्द मोजकेच होते: विहीर, सावली, दरवाजा, असे. दोन-तीन प्रश्न हुशारीनं विचारले की शब्द हाती लागायचा. मास्तरांनी ते घरी बायकोवर, म्हणजे आमच्या काकूंवर चालवून पाहिलं, न्हाव्याच्या दुकानात पाहिलं. कारागिरीवर बेहद्द खूश होते. पण निकाल काही देईनात. "स्टेजवर गेल्याबिगर न्हाई," म्हणाले.

स्टेज आपणहून चालून आलं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मास्तरांचा कार्यक्रम ठरला. खेळ रंगला तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांत तुमचे प्रयोग लावून देतो, असं पुढाऱ्यानं कबूल केलं होतं. मास्तर आयुष्यभर याच एका गोष्टीची वाट बघत आले होते. त्यांनी कोट शिवून घेतला. मला तर त्या कोटाकडे बघूनच भरून आलं होतं.

पुस्तक उंच धरून मास्तरांनी विचारलं, "कोण येतंय वर?" पुढाऱ्यानं हात केला. "आमच्या सरपंचबाई येतील की!" आमच्याच गावच्या सरपंचबाई. कारभार सगळा नवरा हाकायचा, बाई सही करायच्या. सही करतात म्हणजे वाचतही असतील, असं गाव धरून चाललं होतं. विरोधी पार्टीला मात्र संशय होता, आणि त्यांची पोरं मोबाइल उगारून पुढच्याच रांगेत बसली होती. बाई वर आल्या. पुस्तक कपाळाला लावलं, मधलंच पान उघडलं आणि बघत राहिल्या.

मास्तरांनी पहिला प्रश्नसुद्धा विचारला नाही. बराच वेळ ते बाईंच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी पुस्तक अलगद बाईंच्या हातून काढून घेतलं, मिटलं आणि माइकवर म्हणाले, "ताईचं मन लई पक्कं हाय. म्या हरलो. शब्द काय मला वळखू येत न्हाई."

मांडवभर शिट्ट्या झाल्या. पुढाऱ्यानं कपाळाला आठी घालून कार्यक्रमातल्या पुढच्या माणसाला बोलवायची खूण केली. सगळ्यांत जास्त हसल्या त्या सरपंचबाई, तोंडाला पदर लावून.

परतताना मोटारसायकल चालवत मी मास्तरांवर चिडलो होतो. "कावून केलं असं? कायबी शब्द फेकायचा व्हता. ती हो म्हणली असती."

"म्हणली असती," मागून मास्तर बोलले. "पण खेळ जमला की लोकं म्हणतेत, बगू, वाचून दावा. फसला की जादूगाराला हसतेत, पुस्तक कुणी मागत न्हाई. तिचे व्हट हालले न्हाईत बे. नजर एकाच जागी थिजलेली. तिला वाचता येत न्हाई. आपला खेळ गेला, त्याचं काय. त्या पोरांनी तिला गावात तोंड दावू दिलं नसतं. हे कुणाला बोलायचं न्हाई. काकूलाबी न्हाई."

व्हिडिओ मात्र फिरायचा तो फिरलाच, आमच्या गटावरही आला. त्याखाली मास्तरांनी निकाल टाकला: "पुस्तक बनवलंय झकास, पण नापास. कारण सांगणार न्हाई." मग काय विचारता! स्वतःला जमलं नाही म्हणून पुस्तकाला नावं ठेवतो म्हातारा, असं ज्यांना त्यांनीच घडवलं ते लिहायला लागले. पेटीवाला त्यात पुढे होता. मी उत्तर लिहायला घेतलं की मास्तर फोन काढून घ्यायचे. शाळांचे प्रयोग मिळाले नाहीत ते नाहीतच, आणि नवा खेळ तपासायला पाठवणंही सगळ्यांनी बंद केलं. कोट खुंटीलाच राहिला.

सरपंचबाई मास्तर समोरून आले की वाट बदलायच्या. पण जिथे चार माणसं जमतील तिथे सांगायच्या, "म्या शब्द बरुबर वाचलता, मास्तरलाच वळखू आला न्हाई." मला त्या बाईची चीड यायची, अजून येते. फार उशिरा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की वाचता येतं याचा हा एवढाच दाखला बाईंच्या पदरी होता आणि तो मास्तरांनी दिलेला होता.

यंदाच्या थंडीत मास्तर गेले. श्रद्धांजलीच्या सभेत सरपंचबाई बोलायला उठल्या. "माणूस देवमाणूस," त्या म्हणाल्या, "पर मन काय वळखू येत नव्हतं. म्या वाचलेला शब्द त्यांला सांगता आला न्हाई." माणसं त्या जागीही हळूच हसली. काकूसुद्धा ओल्या डोळ्यांनी हसल्या, तेव्हा मला तिथं बसवेना.

सूत्रसंचालन करणारा नवा शिक्षक होता, बाहेरगावचा. त्यानं सहज विचारलं, "कोणता शब्द होता हो, ताई?"

विरोधी पार्टीचे दोघेतिघे मागून पुढे सरकले. बाईंची मान खाली, हात पदराच्या टोकाशी. एवढ्या वर्षांची माझी चीड आता फिटणार होती. मी नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. "विहीर," म्हणालो. "मास्तरांनी खेळ झाल्यावर पान बघून मला सांगितलतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हां," त्या म्हणाल्या, "इहीरच व्हता." आणि खाली बसल्या.

मास्तरांच्या फोटोला मी हार घातला नाही. गेल्यावरही त्यांनी मला नुसतं गप्प बसू दिलं नव्हतं, त्यांचा मला फार राग आला होता.