विद्युल्लताबाई गप्प बसल्या

देवासच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये विद्युल्लताबाईंनी एकतीस वर्षं काढली. तिथे लाइनवर शांतता पसरली की लाइन तुटली असं समजायचं आणि लगेच "हॅलो, हॅलो" सुरू करायचं. निवृत्त झाल्या, तरी सवय सुटली नाही.

मेडिकल कॉलेजात डॉ. श्रियानं जुन्या एक्स-रे खोलीत चार खाटांचा विभाग उघडला होता. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची वेदना कमी करायची आणि विद्यार्थ्यांनाही ते शिकवायचं. वाईट बातमी सांगायचा सराव विद्यार्थ्यांकडून करून घ्यायला तिला एक खोटी रुग्ण हवी होती. बाई हौसेनं खाटेवर पडल्या. यजमान दत्तोपंत गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. इथे आठवड्याला बारा पोरं.

पण पोरगं अडखळलं की बाईंचा जीव वरखाली व्हायचा.

"आजी, तुमचा रिपोर्ट... म्हणजे..."

"कॅन्सर पसरलाय, हो ना? बोल की रे भिया! आधी पाणी पी."

बाराच्या बारा पास.

श्रियानं हात जोडले. "काकू, सगळं तुम्हीच सांगून टाकता, मग त्यांनी शिकायचं काय? उद्या मधे बोललात, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

बाईंचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तिरला गावचा विद्यार्थी मनन आला. स्टूल ओढून अगदी जवळ बसला.

"आजी, रिपोर्ट अच्छी नाही आली. ही बीमारी आता ठीक नाही होणार."

आणि गप्प झाला.

बाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. "हॅलो" ओठांपर्यंत आलं, ते गिळलं. मनन हलला नाही, मोबाइलकडेही बघितलं नाही. पंखा कुरकुरत राहिला. शेवटच्या महिन्यात दत्तोपंत दोनदा म्हणाले होते, "अगं, ऐक ना." दोन्ही वेळा बाईंनी त्यांना पोहे करू का, असं विचारलं होतं.

"फार दुखेल का रे?" बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांना कुणी पढवलेला नव्हता.

"दुखलं की सांगा. दवा आहे. मी पण आहे."

कोपऱ्यात बसलेल्या श्रियानं कागदावर खूण केली. बाई ताडकन उठून बसल्या.

"हा पास ना? आणि माझं काय?"

"सोमवारी अकराला या."

"म्हणजे मीही पास?"

"काठावर, काकू. तुमचे ओठ हलत होते."

"हलले असतील. आवाज आला का?"