मामाचे पाहुणे

काल वसतिगृहामागे कुणीतरी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजत होतं. त्या वासानं मला मामाचं बेट आठवलं. तेव्हा मी सातवीत होतो.

धरणाच्या पाण्यानं वेढलेल्या टेकडीवर दोनच गावं उरली होती. पर्यटक आले, तर चार पैसे मिळतील आणि पोटासाठी बेट सोडावं लागणार नाही, अशी मामाला आशा होती. सराव म्हणून त्यानं आधी आईला आणि मलाच नावेतून नेऊन दोन्ही गावं दाखवली.

"पाहुणे, हे आमचं मारुतीचं देऊळ," तो घसा साफ करून म्हणाला.

आई म्हणाली, "काऊन रे, मले माह्याच गावचं देऊळ दाखवून राह्यला का?"

"ताई, आज तू पाहुणी हायेस. चूप राह्य," म्हणत त्यानं तुपात बुडवलेला रोडगा आणि वांग्याची भाजी तिच्यापुढे ठेवली. माहेरी पाहुणी म्हटल्याचा तिला खरंच राग आला होता. मी मात्र पोट धरून हसलो.

पर्यटक आलेच नाहीत. मामा आता पुण्यात एका इमारतीच्या गेटवर बसतो आणि बेटावर कुणीच राहत नाही. मला हे नीट सांगता येत नाही, पण काल फोनवर आईला त्या वासाचं सांगितलं, तेव्हा रोडगे तुपात बुडवले होते का, हे तिनं आधी विचारलं.

मग म्हणाली, "आता तं पाहुणी म्हणायले बी तिथं कोणी नाही रे."