निळ्या कागदावरचा नमुना

विदर्भातल्या वणीला इंग्रजीच्या वर्गात मी शिकवायचो, हे सांगताना अजून जीभ अडखळते. मी स्वतः सातवीतून शाळा सोडलेला. कोकणातून मुंबईला गेलो आणि तिथल्या कापसाच्या पेढीबरोबर इथे आलो. पेढीने इथला गाशा गुंडाळला, तेव्हा वर्ग चालवणाऱ्या गुरुजींनी मला आपली ओसरी दिली, दोन वेळचं जेवण दिलं. त्यांचं व्याकरण पक्कं, पण कापसाच्या धंद्यातले इंग्रजी शब्द त्यांना ठाऊक नव्हते. पेढीच्या साहेबाच्या हाताखाली नमुने काढता काढता ते माझ्या कानात बसले होते.

महिनाअखेर एका कंपनीचा माणूस यायचा होता. कापूस पारखायला एकच मदतनीस घेणार होता. हातात कापूस देऊन इंग्रजीत विचारणार होता.

हे शब्द घोकून येत नाहीत. स्टेपल म्हणजे धाग्याची लांबी, एवढं वहीत लिहून काय होतं? पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा ओढायचा, मग धागा दिसतो आणि शब्द तोंडात येतो. ट्रॅश म्हणजे पानाचा चुरा, तो बोटाला लागावा लागतो. म्हणून मी नमुना निळ्या कागदावर ठेवून बाकाबाकावरून फिरवायचो.

दाराशी राळेगावकडचा एक जण बसायचा. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. कागद त्याच्या अलीकडच्या बाकावर आला की गुरुजी उठून उचलायचे. "झालं, वेळ झाली."

पहिल्या दिवशी मला वाटलं, खरंच वेळ झाली. दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी, कळूनही, मी फळ्याकडे तोंड करून 'मॉइश्चर', म्हणजे कापसातली ओल, लिहीत राहिलो. ओसरी गेली तर जायचं कुठे?

वर्ग सुटल्यावर तो मागे आला. "मास्तर, थो कापूस माह्या मायनंच येचला असन. मंग मलेच काहून हात लावू देत नाही?"

"उद्या बघू," मी म्हणालो.

"बघा, बघा. मी बी तीन दिवसांपासून बघूनच राह्यलो."

दुसऱ्या दिवशी कागद मी दारापासून सुरू केला.

"कोकण्या," गुरुजी ओरडले, "माह्या घरचं खाऊन मलेच शिकवून राह्यला का?"

"तुमचे उपकार आहेत," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. "पण कागद आता इथूनच फिरेल."

चार-पाच जण वह्या उचलून बाहेर पडले. दाराशी बसलेल्या त्या पोराने पुंजका ओढला, असा सफाईने की मी बघतच राहिलो. "स्टेपल लाँग. ट्रॅश... कमी हाय. त्याले काय म्हंता?"

"लो."

"ट्रॅश लो."

दुपारी माझी ट्रंक अंगणात आली. उरलेले दिवस मी त्याला सरकी काढायच्या जिनच्या आवारात, निंबाखाली शिकवलं. कंपनीने त्यालाच घेतलं.

तर गुरुजी गावभर सांगत सुटले, "आपल्या वर्गाचा पोरगा हाय थो! मीच तयार केला." जिनच्या फाटकाशी माझ्यासमोरही म्हणाले, आणि वर माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांचं मीठ खाल्लं होतं, म्हणून मी तोंड मिटून उभा राहिलो. ती थाप अजून पाठीवर जळते.