जाड तेलाची तार

जावयाला गॅरेजमध्ये सगळे जावईच म्हणत. लग्नाला चौदा वर्षं झाली, कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत गेलं, तरी हुद्दा तोच. सासरे मात्र त्याला मानाने वागवत. "जावईबापू, जरा गाडीखाली शिरता का?" असं विचारत. इतक्या अदबीने गाडीखाली धाडला जाणारा मेकॅनिक दुसरा कुठे असेल असं वाटत नाही.

खाली गॅरेज, वर घर, मधे लोखंडी जिना. सकाळी सतरा पायऱ्या उतरून तो कामावर येई, संध्याकाळी तेवढ्याच चढून घरी जाई. दोन्ही टोकांना सासरेच भेटत.

सासऱ्यांना तो मामा म्हणे. मामांचं नाव होतं ते तेलासाठी. डोंगरातल्या जीपच्या गिअरबॉक्सला कोणतं तेल घालायचं हे ते बोटांनी ठरवत. अंगठा आणि तर्जनी तेलात बुडवायची, हळूच फाकवायची आणि मधे तार धरली की मान हलवायची. तार जितकी लांब तितकं तेल चांगलं. त्यामुळे निवड दरवेळी एकाच पिंपाची होई. त्या पिंपात मागच्या ॲक्सलचं जाड तेल होतं.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात गिअरबॉक्सचं तेल वेगळं सांगितलं होतं. ॲक्सलच्या तेलात दातांवरचा मार सोसायला गंधकाची औषधं असतात; गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना तीच खातात, आणि मग दुसरा गिअर करकरायला लागतो. अकरा वर्षांपूर्वी जावयाने ते पान मामांपुढे धरलं. मामांनी चष्मा न लावताच ते वाचलं आणि पुस्तक छापणाऱ्याने कधी चिखलातून गाडी काढली आहे का, एवढंच विचारलं.

तेव्हापासून जावयाने वाद सोडला आणि लबाडी धरली. मामा बोटं बुडवून "ओता" म्हणत, जेवत आणि वर आडवे होत. मग हा मगातलं जाड तेल मागच्या ॲक्सलमध्ये ओते, जिथे ते शोभे, आणि गिअरबॉक्समध्ये पुस्तकातलं. ते तेल कोपऱ्यातल्या डब्यात असे. डब्यावर त्याने स्वतःच रंगवलं होतं, 'वापरलेलं तेल'. त्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे.

अकरा वर्षांत एकही रिंग खराब झाली नाही. मामांच्या बोटांची कीर्ती मात्र लांबवर पसरली.

आज ती कीर्ती दोन वर्षांपूर्वी इथेच तेल भरून गेलेल्या मोजणी खात्याच्या बाईंना परत घेऊन आली. बाई स्वतः जीप चालवत चढावर जात, आणि खात्याच्या बाकीच्या जीपचे गिअरबॉक्स दोन वर्षांत बसत असताना यांचा लोण्यासारखा चाले. वरच्या तळावर खातं स्वतःचं वर्कशॉप काढत होतं. गिअरबॉक्स कळणारा एक माणूस हवा होता, राहायला दोन खोल्या होत्या. मामांच्या हाताखाली तयार झालेला कोणी असेल तर त्याचं नाव आजच कळवायचं, असं बाईंनी सांगितलं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर बायको वाळलेले कपडे घेऊन उभी होती. तिच्या हातातला टॉवेल तीनदा घडी झाला. दोन खोल्या, आणि त्यांतल्या एकीतही बाबा नाहीत, हा हिशेब तिने तिथेच केला असावा.

मामांनी बाईंच्या गाडीतलं जुनं तेल मगात काढायला लावलं. बोटं बुडवली, फाकवली. तार जेमतेम नखाएवढी निघाली. मामांना ती वीतभर दिसली.

"बघा बाई," ते म्हणाले, "दोन वर्षं डोंगर चढून आलंय, पण तुटत नाही. हे माझं तेल."

बाईंनी जावयाकडे पाहिलं. "तुम्हाला येतं का असं बोटांनी ओळखायला?"

खरं सांगायचं तर अकरा वर्षं सांगावी लागणार होती, तीही म्हाताऱ्याची बोटं अजून हवेत असताना. तो म्हणाला, "नाही. बोटांनी नाही येत मला."

'मग कशाने?' असं बाई विचारतील म्हणून तो थांबला. बाईंनी वहीत काहीतरी खोडलं.

"येईल हो," मामा उदारपणे म्हणाले. "अजून पाच-सहा वर्षं. घाई कशाला, घरचेच आहेत."

बाई चारला गाडी न्यायला येते म्हणून गेल्या. मामांनी पिंपातून नवं तेल काढलं, तार पाहिली, "ओता" म्हणाले आणि वर गेले. बायको केव्हाच आत गेली होती.

जावई गाडीखाली मग घेऊन पडून राहिला. हेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतलं की झालं. वर्ष-दीड वर्षात दुसरा गिअर करकरेल, बोटांची कीर्ती आपोआप उतरेल, आणि त्याला तोंडही उघडावं लागणार नाही. फक्त तेव्हा बाई एकट्या एखाद्या उतारावर असतील, आणि खालचा गिअर पडणार नाही.

हातातला मग त्याने मागच्या ॲक्सलमध्ये रिकामा केला. कोपऱ्यातला डबा आणला. भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्स भरला, बूच आवळलं, इंजिन सुरू करून गाडी अंगणात एक फेरी फिरवली. पहिला, दुसरा. कसलाही आवाज आला नाही.

वरची खिडकी उघडली.

"ऐकलंत ना, जावईबापू?" मामा झोपेतल्या आवाजात म्हणाले. "काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

"हो मामा," जावई म्हणाला, आणि डबा जागेवर नेऊन ठेवला, अक्षरं पुढे करून.