दिनूची गाडी पाण्यात बंद पडली त्याची गोष्ट

बातमी आली तेव्हा मी सांगलीत घरीच होतो, दाढी करत होतो. कडेगावकडून दिनूच्या शेजाऱ्याचा फोन. "सर, दिनूआण्णांची गाडी ओढ्याच्या फरशी-पुलावर बंद पडली. आण्णा गेलं." मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की पाणी किती होतं? माणूस गेल्यावर कुणी असं विचारत नाही. मी विचारलं, कारण उत्तराची मला भीती होती.

दिनकर माझा शाळेपासूनचा मित्र. मी मास्तर झालो, तो फौजेत गेला. हवालदार होऊन परत आला, ऊस बघू लागला आणि एक जुनी डिझेल जीप घेतली. त्याचा मुलगा अमोलही पुढं फौजेतच गेला. गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक दिनूच्याच दारात यायचे. गाडी मात्र थकली होती. चढाला धापा टाकायची, काळा धूर सोडायची. दिवाळीनंतर बायकोला, शालनवहिनींना घेऊन म्हसवडला सिद्धनाथाला जायचं त्याच्या मनात होतं. "गड्या, हिला श्वास पुरंना झालाय," तो म्हणायचा. मग मीच चौकशी करून नव्या पद्धतीचा, जास्त हवा ओढणारा एअर फिल्टर आणला. माझ्याकडून भेट म्हणून.

सांगलीत माझ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे तो बसवला. जुन्या फिल्टरचा डबा काढला. नव्या फिल्टरला बोनेटखाली जागा होईना, म्हणून पाईप खाली नेऊन तो पुढच्या बंपरच्या मागं बसवला. तिथं गार हवा मिळते. दिनू चहा सांगायला गेला, तेवढ्यात मिस्त्री मला हळूच म्हणाला, "सर, लय खाली आलाय. रस्त्याला झ्याक पळंल, पण पाण्यात घालू नगा म्हणावं. फिल्टर बुडला तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढंल आन् जाग्यावर जाम हुईल."

सांगतो, म्हणालो. पण दिनू आला, गाडी सुरू केली आणि तो नवा, भरदार आवाज ऐकून असा हसला, की... मी आणलेल्या वस्तूत मला त्या क्षणी खोट काढवेना. नंतर सांगू, असं वाटलं.

पुढं पावसाळ्यात एकदा त्याचा फोन आला. "आज ओढ्यात गाडी जरा खोकली रं. पण निघाली." का खोकली ते मला लगेच कळलं. तरी मी एवढंच म्हणालो, "पाण्यात जपून." खरं कारण सांगायचं, तर इतके दिवस का सांगितलं नाही तेही सांगावं लागलं असतं.

परतीच्या पावसात शेजाऱ्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या. दिनूनं तिला वेळेवर दवाखान्यात पोचवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. एकटा परत येताना उजाडलं होतं. पलीकडच्या काठावरच्या माणसानं सगळं पाहिलं. पाणी चाकाच्या निम्म्यालाच होतं. एवढ्या पाण्यातून जीप नेहमी जायची. मध्यावर इंजिन एकदम गप्प झालं. दिनूनं तीनदा चावी फिरवली. मग ढकलायला खाली उतरला, आणि वरून लोंढा आला.

काल, महिन्याभरानं, मी कडेगावला गेलो. ओढ्यातून काढलेली जीप अंगणात उभी आहे. वहिनी ती कुणाला हलवू देत नाहीत. तिच्याजवळ उभं राहूनच मी त्यांना सगळं सांगितलं.

"भावजी, तुमी सांगितलं असतं तर आमचं मालक गाडी पाण्यात घालायचं थांबलं असतं?"

"थांबला असता. इंजिन त्याला कळायचं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "थांबलं असतं."

त्या बोनेटवर चिकटलेला वाळका गाळ नखानं खरवडत राहिल्या. मी जायला निघालो तेव्हा म्हणाल्या, "अमोल मंगळवारी सुट्टीवर येतोय. बाच्या क्रियेला त्याला रजा मिळाली न्हवती. फोनवर सारखं इचारतोय, एवढ्याशा पाण्यात गाडी बंद पडलीच कशी? मी न्हाई सांगायची त्याला. तुमीच या आन् सांगा."

येतो, म्हणालो.

आज सोमवार आहे.