चुकामूक झाली तर

नव्या सिंथेटिक साडीची घडी उलगडली की खळीचा वास येतो आणि मी पुन्हा सुरतेतल्या उधन्याच्या बाजारात, कटपीसच्या हातगाडीपाशी उभी असते. आईवडील दोघंही कापडाच्या कारखान्यात लूमवर जायचे, त्यामुळे मला सांभाळायचं काम मोठ्या बहिणीकडे होतं. गर्दीत चुकामूक झाली तर काय करायचं, हेही तिनेच ठरवलेलं. दोघी शोधत फिरलो तर एकमेकींच्या मागेमागेच फिरत राहू, म्हणून धाकटीने जागा सोडायची नाही, मोठीने शोधायचं. तसं दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा ती घामाघूम होऊन आली होती. त्या रविवारी तिने घराची किल्ली माझ्या हातात दिली, "तू आठेच ऱ्हाय, मी येस," म्हणाली आणि गर्दीत शिरली. मी हलले नाही. घसा कोरडा पडला तरी समोरच्या नळावर गेले नाही, तेवढ्यात ती आली तर! गाडीवाल्याने "बेन, कोनी राह जुए छे?" म्हणत कोणाची वाट बघतेस ते विचारलं, मग कापड आवरून तोही गेला. दिवेलागणीला वडील धावत आले. कारखान्यातल्या एका मुलाबरोबर तिला दुपारच्या रेल्वेगाडीत चढताना कोणीतरी पाहिलं होतं. तू तिला शोधलं का नाहीस, म्हणून ते माझ्यावरच ओरडले. मी घामेजलेली किल्ली पुढे केली. मी कुठे उभी असेन हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ती निर्धास्त गेली. आता बाजारात माझी मुलगी दिसेनाशी झाली की मी थांबत नाही आणि तिलाही थांबायला शिकवलेलं नाही. दोघी एकमेकींच्या मागेमागे फिरत राहतो आणि उशिरा का होईना, भेटतो.